खुशाली

माजलगावच्या कालव्याखाली आमच्या मोठ्या भावाचा दोन एकर ऊस आहे. गेल्या हंगामातली गोष्ट. जानेवारी संपत आला, उसाला तुरा फुटला, तरी टोळीचा पत्ता नव्हता. भाईजान रोज गट कार्यालयात जाऊन बसायचे. चिटबॉय वहीत बघून सांगायचा, "तुमचा नंबर आलाय, टोळी मोकळी झाली की लावतो." शेवटी एका संध्याकाळी मुकादम मोटारसायकलवरून बांधावर आला. ऊस बघितला, एक कांडे मोडून चघळले आणि म्हणाला, "भाई, माल चांगलाय. खुशाली काय देताय ते बोला, म्हणजे उद्या कोयता लावतो."

एकरी पाच हजार ठरले. वर ट्रॅक्टरच्या प्रत्येक खेपेला ड्रायव्हरची 'एन्ट्री' पाचशे रुपये. शिवाय टोळीला एक वेळचे मटणाचे जेवण. ते भाभीने आनंदाने केले, त्याचा हिशेब आम्ही इथे धरत नाही. सत्तर टन ऊस निघाला, चार खेपा झाल्या. खुशालीचे दहा हजार आणि एन्ट्रीचे दोन हजार, असे बारा हजार रुपये रोख गेले. पावती नाही, सही नाही. टनामागे एकशे सत्तर रुपये झाले.

ऊस पिकवणाऱ्या घरांना यात नवीन काहीच वाटणार नाही. "द्यावेच लागतात," असे म्हणून आपण गप्प बसतो. पण त्या दिवसापासून हा शब्द आमच्या डोक्यातून जात नाही. खुशाली. हा तर आपल्या घरातला शब्द. ईदला लहानग्यांच्या हातावर ईदी ठेवतो ती खुशी, नातवाच्या अकीक्याला सुईणीला साडी देतो ती खुशी. बक्षीस हा शब्दही फारसीतून आला, आणि त्याच्या मुळाशी देणाऱ्याची मर्जी आहे. मग भाव ठरवून, ऊस वाळायला लागल्यावर, काम सुरू व्हायच्या आधी मागितले जाते, त्याला हे नाव कसे लागले?

आधी पैशाचा हिशेब पाहू, कारण गोंधळ तिथेच आहे. पुष्कळांना वाटते की तोडणीचे पैसे कारखाना देतो आणि खुशाली तेवढी शेतकरी देतो. तसे नाही. केंद्र सरकार उसाचा जो एफआरपी ठरवते (2024-25 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्यासाठी टनाला 3,400 रुपये होता), त्यातून आपल्याकडे तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा करूनच शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम येते. म्हणजे मजुराची मजुरी, मुकादमाचे कमिशन, ट्रॅक्टरचे भाडे हे सगळे भाईजानच्या उसातूनच गेलेले असते. खुशाली ही त्याच कामाची दुसऱ्यांदा दिलेली किंमत. साखर आयुक्तालयाने यावर वेळोवेळी परिपत्रके काढली आहेत: तोडणीसाठी पैसे मागितले तर शेतकऱ्याने कारखान्याकडे लेखी तक्रार करावी, आणि चौकशीत खरे ठरले तर ती रक्कम मुकादमाच्या किंवा वाहतूकदाराच्या बिलातून वसूल करून शेतकऱ्याला द्यावी.

आम्ही भाईजानना अर्ज लिहून दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. "अर्ज देईन रे," म्हणाले, "पण खोडवा ठेवलाय. पुढच्या साली हाच ऊस, हाच गट, हाच चिटबॉय. तेव्हा कुणाच्या दारात जाऊ?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. ऊस उभा राहिला तर काय होते ते या जिल्ह्याने पाहिले आहे. 2021-22 च्या हंगामात ऊस इतका झाला की मे महिना आला तरी फड उभे होते, आणि गेवराई तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने फडाला आग लावून स्वतःचा जीव दिला. त्यानंतर कुठला शेतकरी पाच हजारांसाठी टोळी परत पाठवील?

इथपर्यंत लिहिले असते तर हा लेख शेतकऱ्याच्या बाजूचा झाला असता आणि सोपाही झाला असता. पण आपण बीड जिल्ह्यातले. खुशाली देणारे आपल्यात आहेत, तसे मागणारेही आपलेच आहेत. दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, केजकडची गावे ओस पडतात. ट्रॅक्टरवर बिऱ्हाड, वर कोंबड्या, शेळी, पाण्याची घागर आणि लेकरे. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी सोलापूरला, कोणी थेट बेळगाव-बागलकोटला. त्यात आपल्या मोहल्ल्यातलीही घरे आहेत, हे आपण फारसे बोलून दाखवत नाही.

भाईजानच्या फडात तोडणीला आलेल्या एका बाईशी आम्ही बोललो. वय पंचविशीच्या आतबाहेर, अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडके, धाकटे लेकरू पाचटाच्या ढिगावर झोपलेले. तिला विचारले, खुशालीतले तुम्हाला काय मिळते? ती हसली. "मुकादम हंगामाच्या शेवटी कोयत्याला दोनशे-तीनशे टाकतो. कधी तेबी उचलीत धरतो. ड्रायव्हरची एन्ट्री ड्रायव्हरची." दहा कोयत्यांची ती टोळी होती. भाईजानचे दहा हजार नीट वाटले असते तर एका फडातच एका कोयत्याला हजार आले असते.

कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. जानेवारी 2024 मध्ये पुण्यात झालेल्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला आणि टनाला साधारण 366 रुपयांवर गेला. एक कोयता दिवसाला दोन-अडीच टन तोडतो. पहाटे चारला उठून, थंडीत ओल्या पाचटात हात घालून, मोळ्या बांधून, त्या डोक्यावरून फळीवर चढून ट्रॉलीत टाकायच्या, आणि ट्रॅक्टर रात्री आला तर रात्री भरायचा. याचे दोघांचे मिळून साडेसातशे ते नऊशे रुपये. तेही हातात येत नाहीत, कारण हंगामाआधी घेतलेल्या उचलीत ते वळते होतात. एखादा दिवस पडून राहिले तर खाडा धरतात आणि दंड लावतात. पाळीचे दिवस, बाळंतपण, ताप, सगळे खाड्यात. याच धाकाने आपल्या जिल्ह्यातल्या किती बायकांनी ऐन तारुण्यात पिशवी काढून टाकली, ते 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गाजले.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. इथे तर उलटेच. घाम यायच्या आधीच उचल दिलेली असते आणि ती फिटता फिटत नाही.

मध्यंतरी आमच्या मावसबहिणीचा जावई सुट्टीवर आला होता. तो रत्नागिरीकडचा. कोकणातली आपली कितीतरी मुले पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर आहेत, तसा हाही परदेशी पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर खोल्या साफ करण्याच्या कामाला आहे. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या घरात तो समुद्राच्या गोष्टी सांगत होता आणि बोलता बोलता खुशालीचा विषय निघाला. तो म्हणाला, "मामू, आमच्याकडे पण हेच आहे. फक्त ते बिलात छापून येते."

त्या जहाजांवर माणशी दिवसाला साधारण पंधरा ते वीस डॉलर बक्षिसी आपोआप बिलाला जोडली जाते. पूर्वी प्रवासी शेवटच्या रात्री पाकिटात पैसे घालून वेटरला आणि खोलीवाल्याला हातात द्यायचे. नंतर कंपन्यांनी ती रक्कम स्वतःच ठरवली आणि खात्यावर टाकायला सुरुवात केली. कित्येक कंपन्यांत प्रवासी काउंटरवर जाऊन ती कमी करून घेऊ शकतो किंवा काढूनही टाकू शकतो. "काही जण शेवटच्या दिवशी रांग लावून काढून घेतात," जावई म्हणाला. "सात दिवस आपण त्यांची चादर बदललेली असते." जहाजे बहामा, पनामा असल्या देशांच्या झेंड्याखाली नोंदलेली असतात, त्यामुळे प्रवासी अमेरिकेतले असले तरी अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा तिथे चालत नाही. मूळ पगार थोडका, भिस्त बक्षिसीवर. तिकीट स्वस्त दिसते, कारण नोकराच्या पगाराचा एक तुकडा तिकिटातून काढून बक्षिसीत ठेवलेला असतो.

तिथे या रकमेला 'ग्रॅच्युइटी' म्हणतात. आपल्याकडे ग्रॅच्युइटी म्हणजे ठरावीक काळाच्या नोकरीनंतर कायद्याने मिळणारी रक्कम. शब्द एकच, पण एकीकडे नोकराचा हक्क, दुसरीकडे गिऱ्हाइकाची मर्जी. फडातल्या त्या बाईला दोन्ही अर्थांनी काहीच मिळत नाही.

जहाज राहू द्या. आपल्यातली बहुतेक कुटुंबे संभाजीनगरला किंवा पुण्याला लग्नाच्या खरेदीला जातात आणि बऱ्या हॉटेलात जेवतात. बिलात कधी कधी पाच-दहा टक्के 'सर्व्हिस चार्ज' लावलेला असतो. आम्ही स्वतः एकदा तो निमूट भरला आहे, आणि वेटरला विचारले तेव्हा त्याने मान हलवून सांगितले की त्यातले त्याला काही मिळत नाही. 4 जुलै 2022 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितले की हॉटेलांनी हा आकार बिलात आपोआप लावू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. तेव्हा तो काढायला सांगा, नाही ऐकले तर 1915 या क्रमांकावर तक्रार करा. पण काढून घेतलेल्या पैशातले काही त्या पोराच्या हातात ठेवूनच उठा. नाहीतर कायदा आपल्या कामाला आला आणि तो होता तिथेच राहिला.

आता एक प्रश्न, जो भाईजानच्या ओसरीवर रात्री उशिरापर्यंत चालला. खुशाली घेणे जायज आहे का? आमच्या अब्बांनी एक हदीस सांगितली. ती बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इब्नुल-लुत्बिय्या नावाच्या माणसाला जकात गोळा करायला पाठवले. तो परत आला आणि मालाचे दोन भाग करून म्हणाला, हा तुमचा आणि हा मला भेट मिळालेला. प्रेषितांना (स.) राग आला. ते मिंबरवर उभे राहून म्हणाले की हा माणूस आपल्या आईबापांच्या घरी बसून राहिला असता, तर त्याला ही भेट मिळाली असती का?

अब्बांचे म्हणणे, हे माप घेऊन प्रत्येकाला मोजा. चिटबॉयला क्रमपाळी लावायचा पगार मिळतो. नंबर पुढे सरकवायला तो काही घेत असेल तर तो सरळ या हदीसखाली येतो. ड्रायव्हरचेही जवळपास तसेच. मुकादम कमिशन घेतो, वर खुशाली घेतो, आणि ती मजुरांच्या नावाने घेतो. आमच्या मते सगळ्यात वाईट हेच. पण तोडणारी ती बाई? तिला कामाचे पुरते मोल मिळालेलेच नाही. तिने जास्त मागितले तर ती भेट म्हणून मागत नाही. आमचा पुतण्या कृषी पदविकेला आहे, तो मध्येच म्हणाला, "मग तिचा दरच सहाशे करा ना, खुशाली आपोआप बंद होईल." भाईजान म्हणाले, "दर वाढला की तोही माझ्याच बिलातून कापणार." दोघांचेही खरे होते. अब्बा काही बोलले नाहीत.

आम्हाला वाटते ते असे. दर वाढला आणि तो बिलावर दिसला, तर निदान कारखान्याशी भांडता येते, करारात मांडता येते, आणि त्यातला वाटा मजुराच्या उचलीतून वळता होतो. खुशालीचे तसे नाही. ती रात्री बांधावर ठरते, तिचा कागद नसतो, आणि ती कुणाच्या घरी गेली हे देणाऱ्यालाही कळत नाही. गावातल्या दहा-बारा ऊसवाल्यांनी मिळून एकच लेखी अर्ज दिला तर एकट्याचा ऊस अडवता येत नाही, हेही आम्ही भाईजानना सांगितले. अर्जावर सध्या चार सह्या झाल्या आहेत. पाचवा माणूस विचार करतो म्हणाला. त्याचा ऊस अजून लहान आहे.

ज्या दिवशी फड उरकला, त्या दिवशी टोळी वाढे बांधत होती. भाभी घरातून निघाली, तिच्या ओढणीच्या गाठीत पाचशेच्या नोटा होत्या. मुकादम ट्रॅक्टरजवळ उभा होता, त्याच्याकडे तिने बघितले नाही. ती प्रत्येक कोपीपुढे गेली, बाईला बाहेर बोलावले, एकेक नोट तिच्या मुठीत दाबली आणि म्हणाली, "हे लेकराला. उचलीत धरायचे नाही." भाईजान म्हणाले, आणखी पाच हजार गेले. भाभी म्हणाली, "ते मघाचे गेले. हे मी दिले."