बोटांची सवय आणि कळफलकाची फेररचना

रोखपालाच्या कळफलकावर उजवीकडे अंकांचा जो स्वतंत्र चौकोन असतो, त्याच्या वरच्या ओळीत ७, ८, ९ हे अंक असतात. एटीएमवर त्याच जागी १, २, ३ आढळतात. पहिली मांडणी हिशेबाच्या यंत्रांबरोबर आली, दुसरी दूरध्वनीवर रूढ झाली. दिवसभर न पाहता आकडे टिपणारा रोखपाल सायंकाळी स्वतःचेच पैसे काढावयास यंत्रासमोर उभा राहतो आणि क्षणभर अडखळतो. अंक त्याच्या स्मरणात असतात, पण त्यांच्या जागा बोटांच्या स्मरणात असतात.

दहा कळांची ही अवस्था, तर अक्षरांच्या तीन ओळींचे काय? इंग्रजी कळफलकाची प्रचलित ‘क्वर्टी’ मांडणी क्रिस्टोफर शोल्स यांच्या टंकलेखन यंत्राबरोबर आली. रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र १८७४ साली बाजारात आणले. इंग्रजीत सर्वाधिक येणारे ‘ई’ हे अक्षर वरच्या ओळीत आणि क्वचित येणारे ‘जे’ मात्र उजव्या तर्जनीच्या थेट खाली, ही त्यातील विसंगती सहज ध्यानी येते. ऑगस्ट ड्वोरॅक यांनी १९३६ साली पेटंट मिळविलेल्या मांडणीत स्वर मधल्या ओळीत डाव्या हाताखाली व नेहमीची व्यंजने त्याच ओळीत उजव्या हाताखाली आणली. दोन्ही हात आळीपाळीने चालावेत आणि बोटांची धावपळ कमी व्हावी, हा हेतू उत्तमच होता. तथापि जुन्या मांडणीतील ‘ए’ आणि ‘एम’ ही दोनच अक्षरे आपापल्या जागी उरली.

या बदलाची किंमत १९५६ साली अर्ल स्ट्राँग यांनी अमेरिकी सरकारच्या एका विभागासाठी घेतलेल्या चाचणीत दिसून आली. दहा टंकलेखकांना नवी मांडणी शिकविण्यात आली. रोज ४ तास सराव करूनही आपला जुना वेग पुन्हा गाठण्यास त्यांना २५ हून अधिक दिवस लागले. म्हणजे माणशी १०० तासांहून अधिक गुंतवणूक आणि पदरात काय, तर जो वेग आधीच होता तोच! त्यापुढे खरोखर किती लाभ होतो, यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. पॉल डेव्हिड यांनी १९८५ साली क्वर्टीचे टिकणे हे इतिहासाच्या योगायोगाचे उदाहरण म्हणून मांडले. लिबोविट्झ व मार्गोलिस यांनी १९९० साली ते खोडून काढले. वाद रंजक आहे. बँकेच्या दृष्टीने प्रश्न मात्र साधा आहे: ते शंभर तास कोणाच्या खात्यात नावे पडतात?

हा प्रश्न शाय कोलमन यांच्या २००६ सालच्या ‘कोलमॅक’ मांडणीने मनावर घेतलेला दिसतो. तिच्यात क्वर्टीच्या केवळ १७ कळा बदलतात. झेड, एक्स, सी, व्ही जागच्या जागी राहिल्याने नक्कल करणे, चिकटविणे यांच्या सवयी मोडत नाहीत. पुढे तिच्या चाहत्यांनी एका वेळी मोजक्याच कळा बदलत टप्प्याटप्प्याने तिच्यापर्यंत नेणारी ‘टारमॅक’ ही वाटही तयार केली. ही युक्ती मूळ मांडणीहूनही मोलाची वाटते.

देवनागरीत तर जागेबरोबर क्रमही बदलतो. रेमिंग्टन पद्धतीच्या यंत्रावर मराठी शिकलेला कर्मचारी ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी टंकतो, कारण कागदावर ती आधी येते. कित्येक अक्षरे तो अर्ध्या अक्षराला काना जोडून घडवितो. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली सिद्ध केलेली व भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली मान्य केलेली ‘इनस्क्रिप्ट’ मांडणी उच्चाराच्या क्रमाने चालते: आधी ‘क’, मग वेलांटी. मात्रा डाव्या हाताखाली, व्यंजने बहुतांशी उजव्या. ‘क’च्याच कळेवर शिफ्ट दाबून ‘ख’, ‘ग’च्या कळेवर ‘घ’. ‘पैसा’ हा शब्द चार कळांत उमटतो: उजवा हात, डावा, उजवा, डावा. शिवाय गुजराती, बंगाली, तेलुगू, कन्नड यांनाही हीच मांडणी लागू आहे. कोल्हापूरहून हैदराबादला बदलून गेलेल्या अधिकाऱ्याने तेथील लिपी शिकून घेतली, तर तेलुगू ‘क’ त्याला ओळखीच्याच कळेवर सापडतो.

रोमन अक्षरांतून मराठी उमटविण्याची तरुणांची पद्धत याच्या अगदी उलट टोकाची. तिच्यात ‘पैसा’ला पाच-सहा कळा लागतात, परंतु शिकण्याचा खर्च जवळजवळ शून्य. महिन्याला चार ओळी लिहिणाऱ्याने तीच वापरावी. इनस्क्रिप्टचा अट्टाहास त्याच्यापाशी व्यर्थ आहे. ज्याला रोज पत्रे लिहावयाची आहेत, त्याचा हिशेब निराळा.

खरी अडचण पन्नाशीतल्या कर्मचाऱ्याची. मिनिटाला ४० शब्दांच्या प्रमाणपत्रावर ज्याची नेमणूक झाली, त्याला एखादे परिपत्रक एका सकाळी नवशिका ठरविते. वेग गेल्याचे दुःख तो गिळतो. समोरचा ग्राहक घड्याळाकडे पाहतो, ते त्याला झोंबते. मग तो मराठी पत्र टाळून इंग्रजी नमुना पुढे करतो आणि ज्या ग्राहकासाठी हा सारा खटाटोप मांडला, त्याच्याच हाती न कळणारे पत्र पडते.

यास्तव इनस्क्रिप्ट नव्या भरतीपासून शिकवावी. जुन्यांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांना महिनाअखेर आणि निवृत्तिवेतनाचे दिवस वगळून, आठवड्याला पाच-सहा अक्षरे या गतीने, नित्याचे काम जुन्याच मांडणीत चालू ठेवून शिकू द्यावे. सरावाचा वेळ कामाच्या तासांत धरावा. युनिकोडमुळे कोणत्याही मांडणीतून टंकले तरी साठविला जाणारा मजकूर एकच असतो. म्हणून निवृत्तीला चार वर्षे उरलेल्या कर्मचाऱ्याच्या संगणकावर रेमिंग्टन मांडणी खुशाल राहू द्यावी. ग्राहकाच्या हाती पडलेले पत्र कोणत्या कळांवरून उतरले, हे त्यास ओळखताही येणार नाही.