घर विकायचंय, तर आधी फरशी बदलावी का?

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. सिमेंटवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. टाइल्सवरचा १८ टक्के कर मात्र तसाच राहिला. म्हणजे एक लाखाच्या टाइल्स घेतल्या, तर १८ हजार रुपये करापोटीच जातात. मजुरी आणि जुनी फरशी उखडून राडारोडा टाकण्याचा खर्च वेगळाच.

अहिल्यानगरमध्ये सावेडी, केडगावच्या बाजूला जुना फ्लॅट किंवा रो-हाऊस विकणाऱ्यांपुढे म्हणूनच प्रश्न असतो: हा खर्च किमतीतून वसूल होईल का?

सरकारी हिशेबात तरी नाही. रेडी रेकनरचं मूल्य ठरतं ते जागेचा विभाग, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि इमारतीचं वय यांवरून. खाली शहाबादी आहे की इटालियन मार्बल, याने मुद्रांक शुल्काच्या किमान मूल्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो खरेदीदाराच्या मनात. तडकलेली फरशी दिसली की तो दुरुस्तीचा खर्च अंदाजाने, आणि बहुधा फुगवूनच, किमतीतून कापतो.

जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पायात मुरमाचा भराव नीट दाबलेला नसेल, तर तळमजल्याची फरशी खचते, टाइल्स पोकळ वाजू लागतात. अशा घरात वरून नवी टाइल चिकटवणं म्हणजे पैसे मातीत घालणं. आधी भराव आणि खालचं काँक्रीट, मग टाइल. जाणकार खरेदीदार फरशीवर नाणं वाजवून बघतो. त्याला चकाकीने फसवता येत नाही.

जुनी शहाबादी, कोटा किंवा मोझॅक शाबूत असेल, तर ती काढायची घाई कशाला? घासून पॉलिश केली की खोली उजळते, आणि खर्च नव्या फरशीपेक्षा बराच कमी येतो. व्हिट्रिफाइडला ही सोय जवळपास नाही. टाइलच घ्यायची, तर वर्दळीच्या खोलीत डबल चार्ज बरी, कारण तिचा रंगाचा थर जाड असतो. ग्लेझ्ड टाइलची नक्षी वरच्या पातळ थरातच असते. रंग फिकट आणि साधा ठेवावा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग गडद, चकचकीत फरशीवर लगेच उठून दिसतात. बाथरूममध्ये खरबरीतच हवी. एक-दोन खोकी जास्तीची घेऊन ठेवावीत, कारण पुढच्या लॉटची छटा जुळेलच असं नाही.

बिलंही जपून ठेवावीत. दोन वर्षांहून जास्त काळ मालकीचं घर विकलं, की नफ्यावर दीर्घ मुदतीचा भांडवली नफा कर लागतो. जुलै २०२४ पासून त्याचा दर १२.५ टक्के आहे. संपूर्ण नवी फरशी ही कायमस्वरूपी सुधारणा ठरली, तर तिचा खर्च नफ्यातून वजा होऊ शकतो. चार फुटक्या टाइल्स बदलणं ही दुरुस्ती. तिला ही सवलत नाही. आणि कच्च्या चिठ्ठीवर रोखीने दिलेला खर्च प्राप्तिकर अधिकाऱ्यापुढे सिद्ध करणं अवघड जातं.