कृमिदंत, लवंगतेल आणि आपण



गेल्या वैशाखात आम्ही आमची उजवीकडील खालची दाढ भरून घेतली. वैद्याने दंतवैद्याच्या खुर्चीत आडवे होणे यात सांगण्यासारखे काही नाही. परंतु तेथे जाण्यास आम्ही जो विलंब लावला, त्यामागील विचारदोष आपणा सर्वांच्या व्यवसायाशी निगडित आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

थंड पाण्याने कळ येऊ लागली तेव्हा आम्ही नेहमीचेच उपचार केले. लवंगतेलाचा बोळा, सकाळी तिळतेलाचा गंडूष, रात्री इरिमेदादी तैल. कळ थांबली की विसरावयाचे, पुन्हा आली की बोळा ठेवावयाचा, असे पाच-सहा महिने गेले. अखेर एके दिवशी पेरूची बी त्या दाढेत अडकली आणि ती काढताना जिभेला चांगला खड्डाच लागला. दंतवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला तो लवंगतेल केव्हा लावले होते हा. त्यातील युजेनॉलमुळे काँपोझिट हे भरण नीट घट्ट होत नाही, हे आम्हास तेव्हा कळले. त्यांनी कीड कोरून काढली, तळाशी औषधी थर दिला आणि वर ग्लास आयोनोमर सिमेंट भरले. अर्ध्या तासाचे काम. "आणखी थोडे थांबला असतात, तर कीड नसेपर्यंत गेली असती," एवढेच ते म्हणाले.

ओठ बधिर होऊन बसलो असता आम्हास आमच्याच एका रुग्णेची आठवण झाली. त्या व्यवसायाने शिक्षिका. दाढदुखीसाठी आल्या, आम्ही गंडूष व प्रतिसारण दिले आणि तीन आठवड्यांत वेदना पूर्ण थांबली. आम्ही ते यश मानले; एका शिबिरात उदाहरण म्हणून सांगितलेही. चार महिन्यांनी त्या गाल सुजलेल्या अवस्थेत, ज्वर घेऊन आल्या. दाढ काढावी लागली. वेदना आमच्या औषधाने थांबलेली नव्हती. आतील दंतमज्जा मृत झाली, म्हणून ती थांबली होती. वेदनाशमनालाच व्याधिशमन समजण्याची ही चूक पदवीनंतर वीस वर्षांनी आमच्या हातून घडली, हे लिहिताना संकोच वाटतो.

सुश्रुताने दातांची गणना रुचक अस्थींत केली आहे. त्यामुळे अस्थिभग्न सांधतो तसा दातही भरून येईल, अशी एक अस्पष्ट समजूत आपल्या मनात असावी. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी दात उगवतानाच नष्ट होतात. कीड पांढऱ्या डागाच्या अवस्थेत असेपर्यंत फ्लोराइड आणि गोडावरील नियंत्रण यांनी ती थोपविता येते. एकदा खड्डा पडला की कोणतेही तैल, चूर्ण वा गुग्गुळ तो बुजवू शकत नाही.

वाग्भटाने उत्तरस्थानाच्या २२ व्या अध्यायात कृमिदंताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून दहन करण्यास सांगितले आहे. सप्तपर्ण व रुई यांच्या चिकाने पूरणही सांगितले आहे. यावरून 'फिलिंग आमचेच' असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. तेथील उद्देश कृमी व शूल यांचा नाश हा आहे, चावण्याचा पृष्ठभाग पुन्हा उभा करणे हा नव्हे. (आणि आज कोणी रुईचा चीक दाढेत घालू नये, तोंड भाजेल.) परंतु आचार्यांनी पोकळीकडे पोकळी म्हणून पाहिले, वरवरच्या लेपावर ते थांबले नाहीत. हलणारा कृमिदंत काढून ती जागा दग्ध करा, असे सुश्रुत सांगतो. आपण मात्र ग्रंथातील शलाका विसरलो आणि तैल तेवढे ठेवले.

२०२० च्या नोव्हेंबरात शालाक्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी प्रक्रियांची जी यादी अधिसूचित झाली, तीत रूट कॅनालही होते आणि त्यावरून मोठा गदारोळ उठला, हे आपणास स्मरत असेल. आमच्यासारख्या बी.ए.एम.एस. पदवीधराचा त्या वादाशी संबंध नाही. आमच्यापुढील प्रश्न साधा आहे: खड्डा लहान असताना तो ओळखून रुग्णाला वेळेवर पाठवावयाचे की नाही? त्यासाठी टेबलावर विजेरी आणि लहान आरसा पुरतो. सुपारी, मिश्री, रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणारे मूल, मधुमेहात सैल होणाऱ्या हिरड्या, हे सारे आपलेच क्षेत्र आहे. भरण झाल्यावरही ते आपल्याकडेच राहते. रुग्ण हातचा जाईल ही भीती निराधार आहे.

औषधविक्रेते बंधूंनाही एक विनंती. तिसऱ्यांदा लवंगतेलाची बाटली मागणाऱ्या ग्राहकास "दाढ कोणाला दाखविलीत का?" एवढे अवश्य विचारावे. निव्वळ तेल हिरडीवर लावल्यास भाजते, हेही सांगावे. 'कीड मुळापासून नष्ट' असे छापलेली मंजने फळीवर पुढे मांडण्याचा मोह आवरावा. विक्री थोडी घटेल, हे आम्ही नाकारत नाही.

त्या शिक्षिका आजही गुडघ्यांसाठी आमच्याकडे येतात. दाढेबद्दल त्यांनी आम्हास कधी बोल लावला नाही. मागील खेपेस मात्र नातवाला घेऊन आल्या, त्याच्या दाढेवरील काळा ठिपका दाखविला आणि विचारले, "वैद्यराज, याला आधी कुठे नेऊ?" आम्ही दंतवैद्यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.