घाटाला काय करायचीय तुमची हॉर्सपॉवर?

पुण्यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जा, तीन विषय हमखास कानावर पडतात. अप्रेजल, फ्लॅट आणि गाडी. पहिल्या दोन विषयांवर बोलून काही फरक पडत नाही, म्हणून आज तिसरा.

या गाडीच्या चर्चेत एक प्राणी नेहमी भेटतो. त्याला ड्रायव्हिंगची मनापासून आवड असते. ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, पसरणी ही नावं तो जप केल्यासारखी घेतो. "घाटात मजा येईल अशी स्पोर्ट्स कार हवी रे, पण परवडायला पाहिजे," असं म्हणत वर्षभर व्हिडिओ बघतो. मग एक दिवस उसासा टाकतो, "जाऊ दे, आपल्याकडे स्पोर्ट्स कार परवडतच नाही," आणि वीस लाखांची, दोन टनांची, सनरूफवाली एसयूव्ही बुक करून मोकळा होतो. पेढेही देतो.

मंडळी, माझं भांडण या उसाशाशी आहे. आपल्या घाटांसाठी परवडणारी स्पोर्ट्स कार मिळत नाही हे साफ खोटं आहे. ती मिळते, रस्त्यावर रोज शंभर दिसतात. फक्त आपण तिला स्पोर्ट्स कार म्हणत नाही, कारण तिच्याकडे बघून वॉचमन सलाम ठोकत नाही.

आता नुसतं मत नको, थोडं गणित करू. (इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठेतरी वसूल व्हायला हवीत की नाही!)

घाटातलं एक हेअरपिन वळण घ्या. त्याची त्रिज्या धरा २० मीटर. शेजारी बसलेल्याच्या पोटातली मिसळ वर येणार नाही इतपत जोरात, म्हणजे साधारण ०.४ जी इतक्या बाजूच्या त्वरणाने ते घ्यायचं म्हटलं तर वेग येतो ताशी ३२ किलोमीटर. बत्तीस! जरा दांडगाई करून ०.६ जी केलं तरी ३९. या सूत्रात इंजिनाची ताकद कुठेच येत नाही. ८० हॉर्सपॉवर असो की २६५, त्या वळणावर सगळे तिशी-चाळिशीतच.

"हो, पण वळणानंतर?" बरं, वळणानंतर. पुढचं वळण दीडशे मीटरवर आहे असं धरू. निम्मं अंतर तुम्ही बऱ्यापैकी जोर लावला, निम्म्यात ब्रेक. साध्या हॅचबॅकची चढावर जोर लावतानाची दमछाक बाजूला ठेवली, तरी कागदावर जेमतेम सत्तर-पंचाहत्तरचा काटा दिसतो आणि लगेच ब्रेक. आणि तेवढंसुद्धा जाऊ नये, कारण घाटात खरी मर्यादा इंजिनाची नसतेच, नजरेची असते. ताशी ६० ला तुम्ही सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाता. समोर काहीतरी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर. मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने थांबायला आणखी २०. झाले ४५ मीटर. ताशी ८० ला हाच हिशेब ७० मीटरच्या आसपास जातो. आता मला सांगा, ताम्हिणीत कुठल्या वळणावर तुम्हाला पुढचे ७० मीटर दिसतात? आणि जे दिसत नाही त्यात काय असतं? अख्खं वळण व्यापून येणारी एसटी, रस्त्याच्या मधोमध बसलेल्या म्हशी, वरंध्यातली माकडं, आणि पावसाळ्यात धबधब्याखाली सेल्फी काढणारी माणसं. त्यातल्या म्हशींना निदान अक्कल असते.

म्हणून माझी व्याख्या अशी: ज्या गाडीची मजा ताशी ६० च्या आत सुरू होत नाही, ती आपल्या घाटांसाठी स्पोर्ट्स कार नाहीच. मग तिच्या बोनेटवर कुठलाही बिल्ला असो.

मे २०२५ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय भारतात आणली. २६५ हॉर्सपॉवर, सुमारे ५३ लाख एक्स-शोरूम, पूर्ण तयार आयात केलेली, पहिल्या खेपेला १५० गाड्या. भन्नाट गाडी आहे, वाद नाही. पण तिला खऱ्या अर्थाने जाग येते तो वेग आपल्या घाटात कायद्यानेही चालत नाही आणि अकलेनेही नाही. म्हणजे ५३ लाख देऊन घाटात तुम्ही काय करणार, तर तिला आवरत बसणार. बैलगाडा शर्यतीचा खोंड भाजी आणायला मंडईत न्यायचा, त्यातली गत.

मग साठच्या आत मजा कशाने येते? पहिलं, वजन कमी. दुसरं, गाडी अरुंद. तिसरं, बसायची जागा खाली आणि गुरुत्वमध्यही खाली. चौथं, हातात गिअर आणि पायात क्लच. पाचवं, टायर रस्त्यावर काय करताहेत ते स्टेअरिंगमधून हाताला कळलं पाहिजे. एवढंच. जपानी लोकांनी १९८९ मध्ये माझदा एमएक्स-५ काढली तेव्हा हेच केलं. १.६ लिटरचं इंजिन, एक टनाच्या आतबाहेर वजन, दोन सीटा. जगभर त्या गाडीच्या नावाने लोक हळवे होतात ते ताकदीमुळे नव्हे. आपल्याकडे ती अधिकृतपणे कधी विकायला आलीच नाही. १४० पीएसची स्विफ्ट स्पोर्टही नाही. ठीक आहे, त्याबद्दल गळे काढायचे असतील तर मीही तुमच्याबरोबर काढतो. पण त्यांच्यावाचून अडलेलं नाही.

साधी स्विफ्ट घ्या. २०२४ चं मॉडेल: ८२ पीएस, मॅन्युअल गाडीचं वजन ९२० किलोच्या आसपास, रुंदी १,७३५ मिलिमीटर. तिच्या शेजारी स्कॉर्पिओ-एन उभी करा: रुंदी १,९१७, वजन दोन टनांच्या घरात. आपल्या जुन्या घाटांत कित्येक ठिकाणी रस्ता साडेपाच मीटरचा. समोरून एसटी आली की ही १८ सेंटिमीटर म्हणजे "निघालो" आणि "आरसा गेला" यातला फरक असतो. छोट्या गाडीला तुमच्याच लेनमध्ये थोडं आत-बाहेर व्हायला जागा उरते. मोठी गाडी लेन भरून चालते. रुळावरून चालवायची असेल तर लोकल आहे की!

वजनाबद्दल मात्र नीट बोलायला हवं. पुस्तकातल्या सूत्रात वळणावर वस्तुमान कटून जातं, आणि मोठ्या गाडीला ब्रेक आणि टायरही मोठेच देतात, हे मला माहीत आहे. पण उंच आणि जड गाडी वळणात झुकते, मग उलट्या वळणात परत दुसरीकडे झुकते, आणि त्या दोन झुकण्यांच्या मध्ये तुम्हाला काहीच करता येत नाही, फक्त वाट बघायची. हलकी, बुटकी गाडी तिथे रस्ता धरून ठेवते. आणि उताराचं काय? महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला उतरताना तुम्ही साधारण बाराशे मीटर खाली येता. एक टनाच्या गाडीला त्यात सुमारे १ कोटी १८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, दोन टनांच्या गाडीला २ कोटी ३५ लाख. यातली जितकी कमी ऊर्जा ब्रेकच्या वाट्याला येईल तितकं बरं. म्हणून तर जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. लाल डब्याचे ड्रायव्हर हे रोज करतात, पन्नास माणसं घेऊन, आणि तुमच्या-माझ्यापेक्षा सुंदर करतात.

आता सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट. परवडणाऱ्या आणि मजेदार गाड्या आपल्या उशाशी बनत होत्या. चाकणला फोक्सवॅगन पोलो, २०२२ पर्यंत. तिची १.० टीएसआय, ११० पीएस आणि सहा गिअरची मॅन्युअल, ही अशीच एक गाडी. इकडे रांजणगावला फियाट. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी अबार्थ पुंटो आणली: १.४ लिटर टर्बो, १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि हाताशी बोलणारं हायड्रॉलिक स्टेअरिंग. किंमत ९ लाख ९५ हजार, एक्स-शोरूम. दहा लाखांच्या आत, पुण्याच्या दाराशी! आणि आपण काय केलं? "मायलेज किती देते?" विचारलं आणि पुढच्या शोरूममध्ये गेलो. २०१९ पर्यंत फियाटच्या गाड्या भारतातून गेल्या. आता तेच लोक म्हणतात, कंपन्या आपल्याला चांगल्या गाड्या देत नाहीत. अरे, दिली होती की!

आणि गंमत बघा, सरकारही तुमच्या बाजूने आहे, अर्थात नकळत. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीच्या आतली पेट्रोल गाडी म्हणजे छोटी गाडी, तिला कर कमी. त्याच १,२०० च्या रेषेने १.४ लिटरच्या अबार्थला दगा दिला हे खरं. पण पुढे कंपन्यांनी एक लिटरची टर्बो इंजिनं काढली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून या छोट्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, मोठ्यांवर ४०. म्हणजे घाटासाठी जी गाडी योग्य, तिच्यावरच निम्म्याहून कमी कर! ह्युंदाईची आय-२० एन लाइन याच रेषेच्या आत बसते: ९९८ सीसी, १२० पीएस, आणि २०२३ च्या बदलात सहा गिअरचा मॅन्युअल. नवीन हवी असेल तर स्विफ्ट किंवा ही. जुनी चालत असेल तर पोलो टीएसआय. जिवाला घोर लावून घ्यायची तयारी असेल आणि सुट्या भागांसाठी वणवण करायला वेळ असेल तर अबार्थ.

एसयूव्हीवाल्यांचे आक्षेप मला पाठ आहेत.

"रस्ते बघितलेस का? ग्राउंड क्लिअरन्स नको?" बघितलेत. याच रस्त्यांवरून १९८३ पासून मारुती ८०० चार माणसं, दोन पोरं आणि टपावर बॅगा घेऊन कोकणात जात होती. खड्डा आला की हळू जायचं असतं. मोठी गाडी असली की खड्ड्यातून जोरात जाता येतं, हा फायदा नाही, ही वाईट सवय आहे.

"सेफ्टीचं काय?" हा मात्र खरा आक्षेप, आणि याला मी हसून उडवणार नाही. आधीच्या पिढीच्या स्विफ्टला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एकच तारा मिळाला होता. २०२४ च्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग सरसकट दिल्या, ही सुधारणा. ज्याला तारे मोजायचे आहेत त्याने अल्ट्रोज बघावी, तिला २०२० मध्येच पाच तारे मिळाले. छोटी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा हे समीकरण आता जुनं झालंय. पण एक लक्षात ठेवा: चाचणीत गाडी एका अडथळ्यावर आदळते. घाटात कठड्यापलीकडे अडथळा नसतो, दरी असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याहून निघालेले सहा तरुण ताम्हिणीत गाडी दरीत कोसळून गेले, आणि ती गाडी ड्रोनने शोधावी लागली. तिथे नेमकं काय झालं यावर मी इथे बसून निकाल देणार नाही. पण दरीसाठी कुणी तारे देत नाही, एवढं तरी आपण समजून घ्यावं. घाटात वाचवतो तो कमी वेग, आणि कमी वेगातच खूश ठेवणारी गाडी त्या कामाला मदत करते. माझा सगळा वाद शेवटी याच मुद्द्यासाठी आहे.

"मग वेग अनुभवायचाच नाही का?" अनुभवा की. कोइमतूरला, चेन्नईजवळ ट्रॅक आहेत. पैसे भरा, हेल्मेट घाला आणि मनसोक्त पळवा. तिथे समोरून कुणाची आजी येत नाही.

आणि ईएमआयचं पण बोलू. १५ लाखांचं कर्ज, सात वर्षं, ९ टक्के: महिन्याला २४ हजार. हे अशा गाडीसाठी, जी आठवड्यातले पाच दिवस हिंजवडीच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये उभी असते. त्यातले निम्मे वाचवा. चांगले टायर घ्या, ते वेळेवर बदला, दर पंधरा दिवसांनी हवा तपासा, ब्रेक ऑइल बदला. या कामांनी गाडी जितकी बदलते तितकी कुठल्याही स्पॉयलरने बदलत नाही. आणि उरलेल्या पैशात पेट्रोल भरा.

मग एखाद्या रविवारी पहाटे साडेपाचला निघा. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशीचं पाणी डाव्या-उजव्या हाताला ठेवत पुढे. गाणी बंद. दुसरा गिअर, तिसरा गिअर, परत दुसरा. वळणाआधी ब्रेक, वळणात शांत, वळण उलगडलं की हळूच ॲक्सिलरेटर. वर चढणाऱ्याला आधी वाट द्या, नियमही तोच आहे आणि रीतही. काटा पन्नासच्या पुढे फारसा जाणार नाही, आणि निजामपूरला चहाला थांबाल तेव्हा तुमच्या तोंडावर जे हसू असेल ना, त्याला कुठल्याही शोरूममध्ये एक्स्ट्रा पैसे लागत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी कॅन्टीनमध्ये कुणी "परवडत नाही रे" म्हणून उसासा टाकला, तर त्याला सरळ विचारा: तुला घाट चालवायचाय, का सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसायचंय? दुसरं असेल तर खुशाल मोठी घे. फक्त घाटाचं नाव पुढे करू नकोस.