आडवा वारा

घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी विमान चालविण्याची विद्या शिकूं लागली कीं, वडील मंडळींस पहिली भीति वाटते ती उंचीची. 'इतक्या वर गेल्यावर कांहीं झालें तर?' हा प्रश्न ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत सर्वत्र विचारला जातो. वैमानिकांची भीति मात्र निराळी असते. उंची ही त्यांची गांठीची ठेव होय. झालेली चूक सुधारण्यास तिच्यामुळेंच अवकाश मिळतो. खरी परीक्षा जमीन जवळ आली म्हणजे सुरू होते; आणि त्यांतही विमान लहान, वारा आडवा, व त्या वाऱ्यांत मधून मधून झोत, असा योग जुळून आला तर ती फारच कठीण होते. गोंदियाजवळ बिरसी येथें ही विद्या शिकविणारी संस्था आहे. आमच्या वाचकांच्या घरचीं मुलें-मुलीही या मार्गास लागत आहेत. तेव्हां या विषयाचा थोडासा परिचय सर्वांनींच करून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

वाऱ्याचें हें भांडण विमानाइतकेंच जुनें आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंनीं चार उड्डाणें केलीं. त्यांतील शेवटचें ५९ सेकंदांचें होतें. परंतु त्यानंतर जमिनीवर उभ्या असलेल्या त्या यंत्रास वाऱ्याच्या एका झोतानें उलथें केलें आणि त्या वर्षाचें काम तेथेंच संपलें. २५ जुलै १९०९ रोजीं इंग्लिश खाडी ओलांडणारा ब्लेरिओ डोव्हरच्या किल्ल्याजवळ सोसाट्याच्या वाऱ्यांतच उतरला. खाडीनें त्यास सोडलें, पण उतरतांना त्याच्या विमानाचीं चाकें व पंखा यांची मोडतोड झालीच.

तरीही त्या काळच्या वैमानिकांस एक सोय होती. विमानतळ म्हणजे बहुधा मोकळें मैदान असे. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरावें, एवढाच नियम. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन मुंबईस आले, ते जुहूच्या अशाच मैदानावर. पावसाळ्यांत तें मैदान पाण्याखालीं जाई व सारा कारभार पुण्यास हलवावा लागे. पुढें विमानें जड झालीं, पक्क्या धावपट्ट्या आल्या, आणि दिशा कायमच्या ठरून गेल्या. वारा मात्र कोणाच्याही पट्टीस बांधलेला नाहीं. आडव्या वाऱ्याचा प्रश्न खऱ्या अर्थानें येथून सुरू झाला.

धावपट्टीच्या टोकाशीं जे मोठे आकडे लिहिलेले असतात ते तिची दिशा सांगतात. जुहूच्या मुख्य पट्टीवर ०८ आणि २६ हे आकडे आहेत. म्हणजे होकायंत्राप्रमाणें सुमारें ८० व २६० अंश. समजा, आपण २६ च्या बाजूनें उतरत आहों आणि २० नॉटचा वारा २३० अंशांकडून येत आहे. दोहोंतील कोन ३० अंशांचा. तेव्हां वाऱ्याचा निम्मा जोर, म्हणजे १० नॉट, आडवा लागतो. कोन ४५ अंशांचा असता तर सुमारें १४ नॉट, आणि काटकोन असता तर सगळे २०. सेस्ना १७२ या प्रसिद्ध चार आसनी विमानाच्या पुस्तिकेंत १५ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारें २८ किलोमीटरचा, आडवा वारा नमूद असतो. ही कायद्यानें घातलेली मर्यादा नव्हे. परीक्षण करणाऱ्या कसलेल्या वैमानिकानें करून दाखविलेली ती गोष्ट आहे. त्याला जें साधलें तें नवशिक्याला साधेलच असें नाहीं. म्हणून प्रत्येकानें आपल्यापुरती मर्यादा याहून कमी ठेवावी, असें शिक्षक सांगतात.

आतां उतरावयाचें कसें? नदीच्या ओघांतून पलीकडच्या घाटावर नाव लावणारा नावाडी नावेचें तोंड सरळ घाटाकडे धरीत नाहीं. तो तें प्रवाहाच्या वरच्या अंगास वळवून धरतो. नाव तिरपी दिसते, पण जाते नीट घाटाकडे. वैमानिकही तसेंच करतो. विमानाचें नाक वाऱ्याकडे किंचित् वळवून तो पट्टीकडे येतो; जणूं खेकड्याची चालच ती. परंतु त्याच तिरप्या स्थितींत चाकें टेकलीं तर तीं आडवीं घासतात व सारा भार त्यांच्या दांड्यांवर येतो. यास्तव जमिनीजवळ येतांच पायांनीं शेपटीचें सुकाणूं दाबून नाक पट्टीच्या रेषेंत आणावयाचें, आणि त्याच वेळीं हातांनीं वाऱ्याकडील पंख थोडा खालीं झुकवावयाचा. त्या झुकण्यानें विमान वाऱ्याविरुद्ध घसरूं पाहतें, वारा त्यास उलट ढकलतो, आणि दोहोंचा मेळ बसला कीं, तें रेषेवर राहतें. मग प्रथम वाऱ्याकडचें एक चाक टेकतें, नंतर दुसरें, शेवटीं नाकाखालचें. पाहणारास वाटतें, विमान लंगडत उतरलें. वस्तुतः तेंच शहाणपणाचें उतरणें होय.

वारा एकसारखा असता तर हें सारें सवयीनें साधतें. घात करतात ते झोत. पंखांची उचल हवेंतील वेगाच्या वर्गाप्रमाणें बदलते. ६५ नॉट वेगानें येणाऱ्या विमानासमोरचा झोत एकाएकीं मरून १० नॉट कमी झाले, तर क्षणांत चौथाईहून अधिक उचल नाहींशी होते; आणि खालीं जमीन पन्नास हातांवर! म्हणून वारा १५ नॉटचा व झोत २५ चे असतील तर त्या दोहोंतील अंतराचें निम्में, म्हणजे ५ नॉट, येण्याच्या वेगांत आधींच मिळविण्याची रीत आहे. पंखांच्या मागील झडपाही अशा वेळीं कमीच उघडतात. शिवाय पट्टीच्या कांठच्या इमारती व झाडें वाऱ्यास अडवितात. त्यांच्या आडोशांत विमान निवांत असतें, आणि आडोसा संपतांच पुन्हा तडाखा बसतो.

चाकें टेकलीं म्हणजे संपलें, असेंही नव्हे. शेपटीचा उभा पडदा वाऱ्यांत वातकुक्कुटासारखा वागतो आणि नाक वाऱ्याकडे फिरवूं पाहतो. जुन्या विमानांचें लहान चाक शेपटीखालीं असे व भार मुख्य चाकांच्या मागें पडे. तीं जरा वळलीं कीं गरकन् फिरत. म्हणून वेग कमी होत जाईल तसतसें पंखांच्या झडपांचें चाक वाऱ्याकडे अधिकाधिक वळवीत न्यावें, आणि विमान थांबून बांधलें जाईपर्यंत हात सैल सोडूं नये.

या सर्व युक्त्यांहून मोठी युक्ति मात्र हाताची नसून मनाची आहे. मेळ बसला नाहीं, विमान रेषेवरून सरकूं लागलें, तर यंत्रास पूर्ण जोर द्यावा, पुन्हा वर जावें, आणि दुसऱ्यानें यत्न करावा. तेंही न साधल्यास वाऱ्याच्या दिशेची पट्टी असलेल्या दुसऱ्या गांवीं उतरावें. यांत कमीपणा कांहीं नाहीं. तरीही माणसें हट्टास पेटतात. कां? बहुधा खालीं कोणी वाट पाहत असतें म्हणून.

आणि येथेंच आम्हां घरच्या मंडळींचा या शास्त्राशीं संबंध येतो. आपल्याकडे मुहूर्त टळूं नये, पंगत खोळंबूं नये, वडिलांनीं सांगितलेली वेळ चुकूं नये, हे संस्कार लहानपणापासून होतात. ते चांगलेच आहेत. परंतु 'अक्षतांच्या आधीं पोंचलाच पाहिजेस', असें आपण ज्यास सहज बोलून जातों, त्याच्या कानांत तें वाक्य धावपट्टीवरही घुमत असतें. वाऱ्याचा झोत जितका विमानास ढकलतो, तितकेंच हें वाक्य वैमानिकास ढकलतें. फरक इतकाच कीं, याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी कोणत्याही विमानतळावर टांगलेली नसते.

तेव्हां ज्यांच्या घरीं असा मुलगा वा मुलगी आहे, त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं, निघतांना त्यांस वेळ सांगूं नका. 'वारा पाहून ये', असें सांगा. ताट झांकून ठेवतां येतें. अन्न निवालें तर पुन्हा ऊन करतां येतें. आणि रात्रीं कोठून तरी निरोप आला कीं, 'आज दुसऱ्याच गांवीं उतरलों, उद्यां येतों', तर त्यास रागें भरूं नये. त्या दिवशीं तो जें शिकला, तें आम्हीं वर लिहिलेल्या साऱ्या गणितापेक्षां अधिक मोलाचें आहे.