पदक मागू नका, नोंद मागा

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये करुणामयीजवळ लेकीकडे राहणारे एक काका माझ्या ओळखीचे आहेत. मूळचे सातारा जिल्ह्यातले, सिग्नल्समधून हवालदार म्हणून रिटायर झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेले. दर १६ डिसेंबरला ते इस्त्रीचा कोट घालून, मेडलं लावून टीव्हीसमोर बसतात. अशाच एका विजय दिवसाला नातवानं मोबाइलवर चित्रं बघून त्यांचं एकेक मेडल ओळखलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही ढाक्यापर्यंत गेला होतात ना? मग यात पूर्वी स्टार का नाही?" संग्राम मेडल होतं, सैन्य सेवा होतं, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं होतं. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर असलेल्यांना मिळणारा पूर्वी स्टार नव्हता. काका म्हणाले, "नाही आला." त्यांच्या लेखी विषय संपला. लेकीच्या लेखी तिथून सुरू झाला.

तिनं रात्र जागून अर्ज लिहिला. थेट संरक्षणमंत्र्यांना, तीन पानी. पाठवण्याआधी मला दाखवला. त्यात बाबांचं शौर्य होतं, आईनं एकटीनं काढलेले दिवस होते, देशाची कृतघ्नता होती. आर्मी नंबर नव्हता.

असे अर्ज मी बरेच पाहिलेत, म्हणून हे लिहितो आहे. ज्यांच्या घरात फौजी आहे किंवा होता, त्यांनी एकदा वाचावं.

पहिली गोष्ट, मेडल दोन तऱ्हेचं असतं. वीर चक्र, सेना मेडल ही शौर्याची पदकं. त्यासाठी त्या वेळच्या कमांडरनं शिफारस करावी लागते, ती वर जाते, कुणीतरी मान्य करतं. ती शिफारसच झाली नसेल तर पन्नास वर्षांनी अर्ज करून फारसं काही हाती लागत नाही, आणि हे घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं. पण पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, १९६५ चा समर सेवा स्टार, संग्राम मेडल ही मोहिमेची मेडलं. तुम्ही ठरलेल्या काळात ठरलेल्या भागात ड्यूटीवर होतात की नाही, एवढाच तिथे प्रश्न. जखमी झालेल्याला मिळणारं पराक्रम पदकही तसंच, लढताना झालेल्या जखमेची नोंद हवी. इथे कुणाची मेहेरबानी लागत नाही. नोंद असली की हक्क आहे. म्हणून अर्जात मेडल मागू नका, चुकलेली नोंद दुरुस्त करून मागा. नोंद सुधारली की मेडल तिच्या मागून येतं.

काकांचं काय झालं होतं? ते सिग्नल्सचे, पण लढाईच्या दिवसांत दुसऱ्या एका युनिटला अटॅच होते. जवानाच्या बाबतीत जे जे घडतं, म्हणजे बदली, बढती, लग्न, मूल, जखम, ते सगळं युनिट पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतं. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे त्याच्या शीट रोलमध्ये, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रात, चढते. अटॅच असलेल्या माणसाची ऑर्डर कुणी काढायची, यात गोंधळ होतो. या युनिटला वाटतं ते काढतील, त्यांना वाटतं हे काढतील. लढाई संपते, पलटणी पांगतात, आणि कागदावर तो माणूस सबंध डिसेंबर मागच्याच छावणीत बसलेला असतो.

आणि हा माणूस आज राहतो कुठे, तर सॉल्ट लेकमध्ये. १९७१ साली इथे घरं थोडीच होती. हुगळीतली वाळू ओतून भरलेलं मैदान आणि त्यावर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची प्रचंड छावणी होती. गटारासाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या पाइपांत कुटुंबं राहत होती. कलाईकुंडाच्या आणि जवळच्याच दमदमच्या धावपट्ट्यांवरून ११ डिसेंबरला विमानं उडाली आणि मराठ्यांची जुनी पलटण असलेली दुसरी पॅरा टांगाईलला उतरली. जमालपूरला पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, लढली होती. या दोन्ही पलटणींत आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतली पोरं होती. त्यांच्यातले किती जण आज बायकोच्या किंवा मुलाच्या आधारानं पेन्शनच्या रांगेत उभे असतील, आणि त्यातल्या कितींनी आपल्या डिस्चार्ज बुकातलं मेडलांचं पान कधी नीट वाचलं असेल?

लेकीचा पहिला विचार होता की फोर्ट विल्यममध्येच जाऊन विचारू. पूर्व कमांडचं मुख्यालय तिथेच, आता त्याचं नाव विजयदुर्ग झालंय, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या किल्ल्यावरून. मी तिला नको म्हणालो, आणि त्याला कारण आहे. पूर्व कमांडकडचे १९७१ च्या लढाईचे बरेचसे कागद युद्धानंतर नष्ट केले गेले, असं २०१० मध्ये वर्तमानपत्रांतून बाहेर आलं. ढाक्याच्या शरणागतीच्या वाटाघाटी करणारे जनरल जेकब १९७४ मध्ये त्याच कमांडचे प्रमुख झाले. त्यांनी ते कागद मागवले तेव्हा ते फाडून टाकल्याचं त्यांना सांगण्यात आलं. मोठ्या साहेबांची ही गत, तिथे हवालदाराचं काय! पण घाबरू नका. ते मोहिमेचे कागद होते. एकेका जवानाची कागदपत्रं कमांडकडे नसतातच, ती त्याच्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावला, महारची सागरला, तोफखान्याची नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला, रणगाडा दलाची नगरला, ईएमईची सिकंदराबादला, सिग्नल्सची जबलपूरला. काका कोलकात्यात राहोत की कोरेगावात, त्यांचं आयुष्य जबलपूरच्या कपाटात आहे.

ते कपाटही कायमचं नाही. पेन्शन न घेता सुटलेल्या जवानाची कागदपत्रं साधारण २५ वर्षांनंतर नष्ट करतात. लाँग रोल नावाचं मोठं रजिस्टर तेवढं राहतं, त्यात नंबर, नाव, भरतीची आणि सुटल्याची तारीख अशा मोजक्या गोष्टी असतात. म्हणून "कागद नष्ट झाले" असं उत्तर आलं तर लगेच गप्प बसू नका, लाँग रोलचा उतारा मागा. अमेरिकेत १९७३ साली सेंट लुइसच्या अभिलेखागाराला आग लागून सैनिकांच्या १ कोटी ६० लाखांहून जास्त फायली जळाल्या. तिथल्या म्हाताऱ्या सैनिकांना घरच्या ट्रंकेतल्या कागदांवरूनच आपली सेवा सिद्ध करावी लागली. ट्रंक तुमच्याही घरात असेल. ती उघडा. जुनी मूव्हमेंट ऑर्डर, रजेचा पास, लष्करी इस्पितळाचा कागद, फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेलं आंतर्देशीय पत्र, यातलं काहीही उपयोगाचं. काकांच्या बाबतीत काकूंनी जपलेली दोन पत्रं निघाली, तारखांसकट.

अर्ज एका पानाचा करा. वर नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, दल, भरतीची व सुटल्याची तारीख. खाली सरळ लिहा: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मी अमुक युनिटला अटॅच होतो, ही नोंद माझ्या शीट रोलमध्ये दिसत नाही, ती तपासावी, असल्यास पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक कळवावा, नसल्यास दुरुस्त करावी आणि त्यानुसार मेडलचा हक्क ठरवावा. झेरॉक्स जोडा, मूळ कागद कधीच पाठवू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलात तर उत्तम, तिथे बहुतेक निवृत्त फौजीच बसलेले असतात आणि त्यांना ही भाषा येते. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात १० रुपये भरून स्वतःच्याच शीट रोलची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

नावाचा घोळ आपल्याकडे फार. भरतीच्या वेळी कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं. पवारचा पोवार झाला, वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलं, गावानं पाटील म्हणून हाक मारली तर कागदावर पाटीलच. बायकोचं नाव लग्नात बदललेलं, पण नवऱ्यानं फॉर्मवर माहेरचं सांगितलेलं. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या नामदेव जाधवांचं आडनावसुद्धा इंग्रजी कागदांत एकाहून जास्त प्रकारे लिहिलेलं सापडतं. टायगर हिलच्या योगेंद्रसिंग यादवांचं परमवीर चक्र तर आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं होतं. ते इस्पितळात जिवंत होते, गेला होता तो त्याच नावाचा दुसरा जवान. म्हणून नाव जुळलं यावर विसंबू नका, नंबर जुळवा. मेडलच्या कडेवर नाव कोरताना तोच कागद समोर असतो. आधी नाव दुरुस्त, मग मेडल. मात्र या निमित्तानं जन्मतारीखही बदलून घेऊ, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. नोकरीच्या अखेरीस जन्मतारीख बदलून मागणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयानं वारंवार नकार दिलेला आहे.

सगळं करूनही नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. एक खंडपीठ कोलकात्यात, एक मुंबईत. शेवटच्या नकारापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. तिथे दाद लागते का? कारगिलमध्ये बटालिकच्या बाजूला ब्रिगेड लढवलेले ब्रिगेडियर देविंदर सिंग यांची तक्रार होती की लढाईच्या अहवालात त्यांच्या कामगिरीची मोडतोड झाली. २०१० मध्ये न्यायाधिकरणानं त्यांचं म्हणणं मान्य करून नोंद सुधारायला सांगितलं. महावीर चक्राची शिफारस झालेली असताना त्यांच्या वाट्याला विशिष्ट सेवा मेडल आलं होतं, आणि त्या निकालानं महावीर चक्र त्यांच्या छातीवर आलं नाही. पण अहवालात काय लिहिलं जावं, याला त्यांच्या लेखी मेडलाइतकंच मोल होतं. मलाही ते पटतं.

एजंटांपासून लांब राहा. छावण्यांच्या बाजारात हवं ते मेडल विकत मिळतं. कुणी म्हणेल, "काका, कशाला लिहापढी, लावून टाका." धातूची वाण कधीच नव्हती. परमवीर चक्रापासून भारतरत्नापर्यंतची पदकं सॉल्ट लेकपासून काही मैलांवर, अलिपूरच्या टाकसाळीत पडतात. काकांना तसं सुचवणारा भेटला होता. त्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

काकांचा अर्ज आता एका पानाचा झालाय. तो स्पीड पोस्टानं जबलपूरला गेला, पावती डिस्चार्ज बुकात ठेवलीय. अर्ज लिहिताना लेकीनं विचारलं, "बाबा, तुमचा नंबर?" सकाळची गोळी घेतली की नाही हे ज्यांना आठवत नाही, त्यांनी खुर्चीतच पाठ ताठ केली आणि सगळे आकडे एका दमात सांगितले. आज संध्याकाळी तुमच्या घरच्या फौजीला तेवढं विचारा, आणि लिहून घ्या.