आधी खोली, मग कन्व्हर्टर
घरच्या स्टुडिओसाठी इंटरफेस घेताना १९२ किलोहर्ट्झच्या आकड्याला भुलू नका. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. तेवढ्याला ४८चा सॅम्पल रेट पुरतो. महागड्या कन्व्हर्टरचा आवाज अधिक स्वच्छ, हे म्हणणे खोटे नाही. पण २४ बिटांचे कागदावरचे १४४ डेसिबल पंखा फिरणाऱ्या, रस्त्यावरचे हॉर्न आत येणाऱ्या खोलीत कुठे उरतात? तानपुऱ्याची जवारी त्या घरघरीतच बुडते. खरी परीक्षा प्रीअँपची. शुअर एसएम७बीसारख्या माइकला सुमारे ६० डेसिबल गेन लागतो, आणि तिथेच साधारण इंटरफेसची खरखर उघडी पडते. ड्रायव्हरही तपासा: तो कच्चा असेल तर बफर वाढवावा लागतो आणि गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचाच सूर उशिरा ऐकू येतो. वाचलेले पैसे आधी खोलीवर खर्च करा.